प्रस्ताव परक्यांसाठी, हमी कोणाची?

26 नोव्हेंबर 2025 रोजी ग्लासगो येथे 2030 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. 2036 च्या ऑलिम्पिकसाठीचे इच्छापत्र तर भारताने ऑक्टोबर 2024 मध्येच सादर केले आहे. राष्ट्रीय प्रतिष्ठेचा गजर चालू असताना हिशेबाची भाषा अनेकांना अरसिक वाटते. तरीही ती बोलणे भाग आहे.

यजमानपदाचा प्रस्ताव हा मूलतः मन वळवण्याचा दस्तऐवज असतो. त्यातील आश्वासने परदेशी मतदारांना दिली जातात; मात्र त्यांची पूर्तता स्वदेशी करदात्याने करावयाची असते. नोव्हेंबर 2003 मध्ये जमैकातील माँटेगो बे येथे दिल्लीने कॅनडाच्या हॅमिल्टनवर 46 विरुद्ध 22 मतांनी मात केली. त्या वेळी 72 सदस्य संघांना प्रत्येकी 1 लाख डॉलर देऊ करण्यात आले होते आणि आयोजनातील तुटीची हमी सरकारने घेतली होती. डिसेंबर 2002 मध्ये सुमारे 1,200 कोटी रुपयांचा असलेला अंदाज अखेर 18,532 कोटींवर गेल्याचे महालेखापरीक्षकांनी 2011 च्या अहवालात नोंदवले. याच काळात अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतील शेकडो कोटी रुपये स्पर्धांच्या कामांकडे वळवले गेले, हे 2010 मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांना राज्यसभेत मान्य करावे लागले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथील मर्म साधे आहे. लाभ एका शहरात एकवटतो, भार मात्र अप्रत्यक्ष करांच्या वाटेने देशभर पसरतो. गोंदिया तालुक्यातील कामठा हे धानाच्या पट्ट्यातील गाव घ्या. तेथे रोवणीला जाणारी मजूर स्त्री साबणाच्या वडीवर जो कर भरते, त्यातूनही ही हमी पाळली जाते. कामठा ही एके काळी मोठी जमीनदारी होती. 1951 मध्ये या भागातील जमीनदारी-मालगुजारी संपली, तेव्हा रयतेच्या कष्टाच्या विनियोगाचा निर्णय वाड्यात बसून घेतला जाणार नाही, हीच तिच्या उच्चाटनामागील प्रेरणा होती. आज तोच निर्णय दूरच्या सभागृहात होत असेल, तर वाडा केवळ स्थलांतरित झाला असे म्हणावे लागेल.

स्पर्धांमुळे कायमच्या सोयी उभ्या राहतात, हा युक्तिवाद निराधार नाही. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांना उपयोगी पडले. परंतु खेळाडू घडतात ते शाळेच्या मैदानावर, आणि बालेवाडीने कामठ्याच्या मुलांना मैदान मिळत नाही. माँट्रियलला तर 1976 च्या ऑलिम्पिकचे कर्ज फेडण्यास 2006 उजाडले.

म्हणूनच 2015 मध्ये हॅम्बुर्गच्या आणि 2018 मध्ये कॅलगरीच्या नागरिकांना आधी विचारण्यात आले. दोन्ही ठिकाणी त्यांनी नकार दिला. भारतातील उत्तर होकारार्थीही येऊ शकेल. प्रश्न होकार-नकाराचा नसून विचारण्याचा आहे. 2036 चा प्रस्ताव हमीपत्रांसह भारतीय भाषांत प्रसिद्ध व्हावा, संसदेने खर्चाची कमाल मर्यादा मतदानाने ठरवावी आणि दलित-आदिवासींच्या राखीव निधीला हात लावणे कायद्याने निषिद्ध व्हावे. या तीन मागण्यांचे ठराव ग्रामसभांतून आपापल्या खासदारांपर्यंत पोहोचवणे, हे कार्यकर्त्यांचे तातडीचे काम आहे. एकदा सही झाल्यावर त्यांना केवळ निषेध नोंदवण्याचे काम उरेल.