‘भाव चुकला’ म्हणे!

आजची नोंद पिकाची कमी आणि रागाची जास्त आहे, आधीच सांगून ठेवतो.

टरबुजाच्या एकरासाठी मल्चिंग पेपर घ्यायचा होता. २५ मायक्रॉन, चार फुटी, ४०० मीटरचा रोल. सहा फुटावर बेड धरले की एकराला साडेपाच रोल लागतात, म्हणून सहा. तालुक्याला १८०० ने भाव ठरत आला होता. सोमवारी रात्री एका ऑनलाइन साइटवर तोच रोल ११९० ला दिसला, वर ‘सेल’ची पट्टी. सहा रोलचे ७१४० रुपये तिथल्या तिथे यूपीआयने भरले. ‘आपली ऑर्डर कन्फर्म झाली आहे, शुक्रवारपर्यंत मिळेल’ असा मेसेज आला. दुकानदाराला फोन करून ‘नको’ म्हणून सांगून टाकलं.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी बेड तयार, बेसल डोस भरलेला, लॅटरल पसरलेल्या, पेपर अंथरायला सात जणी बांधावर हजर. रविवारी नर्सरीतून सहा हजार रोपं यायची. आणि साडेनऊला मेसेज: किंमत नोंदवताना तांत्रिक चूक झाली, ऑर्डर रद्द, गैरसोयीबद्दल क्षमस्व, पैसे ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत परत. साइट उघडून बघतो तर तोच रोल १९१० ला. १९१० चे ११९० झाले होते म्हणे. आकडे इकडचे तिकडे.

पंधरा दिवसांचं टरबुजाचं रोप ट्रेमध्ये आठवडाभर ठेवून बघा काय होतं ते. उंच, बारीक, मुळ्या गुंडाळलेल्या. आणि रमजानचा बाजार धरून लागवड केलेली असते, तो काही आपल्यासाठी पुढे सरकत नाही. गाडी काढली, तीन दुकानं फिरलो. दोघांकडे चार फुटी नव्हता. तिसऱ्याने गरज ओळखून २०५० सांगितले, दिले.

आता हिशेब नीट करतो, कारण इथेच लोक चुकतात. ११९० आणि २०५० मधला फरक माझं नुकसान आहे असं मी म्हणत नाही. स्वस्तातला माल मिळाला नाही, ठीक आहे, तो नशिबाचा भाग होता. माझं खरं नुकसान असं: १८०० ला मिळणारा रोल २०५० ला घ्यावा लागला, सहा रोलचे १५०० गेले. सात जणींचा ३०० प्रमाणे रोज वाया गेला पण द्यावा लागला, २१००. गाडीभाडं ६००. झाले ४२००. शिवाय माझे ७१४० रुपये नऊ दिवस त्यांच्याकडे बसून, ते व्याजाबिजाचं सोडूनच द्या. हे ४२०० कुणाच्या नावावर लिहायचे? चूक त्यांच्या संगणकावर झाली, वजावट माझ्या वहीत.

काही मित्र म्हणतील, माणूस आहे, चूक होते. होते की. माझीही होते. अण्णांनी एकदा कडब्याचा भाव सांगताना गेल्या सालचा सांगितला, शेकडा १८००. गावात तेव्हा २५०० चालू होता. समोरच्याने ५०० रुपये इसार हातावर ठेवला. संध्याकाळी आम्हाला कळलं. अण्णा म्हणाले, इसार घेतलाय, आता बोलायचं नाही. कडबा १८०० नेच गेला. गावात सगळे असे नसतात, मलाही ठाऊक आहे. पाऊस पडला की द्राक्षाचा सौदा मोडणारे व्यापारी आहेत. लिलावात कांद्याला भाव पुकारून खळ्यावर गेल्यावर ‘खालचा माल वेगळा निघाला’ म्हणून वांधा काढणारेही आहेत. पण तिथे निदान वांधा कमिटी असते, समोरासमोर भांडता येतं. इथे समोर कोण? ‘मी आपली काय मदत करू शकतो’ म्हणणारं यंत्र.

आणि इथे तर नुसता इसार नाही, पूर्ण रक्कम आधी घेतलेली.

यांची मेख कुठे आहे ते समजून घ्या. कायद्याच्या भाषेत दुकानात मांडलेली किंमत हा विक्रेत्याचा प्रस्ताव नसतो, ते नुसतं बोलावणं असतं. तुम्ही ऑर्डर देता तो तुमचा प्रस्ताव, तो स्वीकारायचा की नाही ते विक्रेत्याने ठरवायचं. इथपर्यंत ठीक. पण बहुतेक साइटच्या अटींत पुढे लिहिलेलं असतं की माल रवाना होईल तेव्हाच आमचा स्वीकार धरावा. म्हणजे पैसे घेतले, ‘कन्फर्म’ लिहिलं, तारीख दिली, तरी ते मोकळेच. बांधलेले फक्त आपण. मग ‘कन्फर्म’ हा शब्द कशाला लिहिता? ‘पैसे मिळाले, माल द्यायचा की नाही ते पाच दिवसांत कळवू’ असं लिहा, एक माणूस ऑर्डर देणार नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २२ तर सांगतं की वस्तुस्थितीबद्दल एकाच बाजूची चूक झाली एवढ्यावरून करार मोडता येत नाही. म्हणूनच करार झालाच नव्हता अशी पळवाट अटींत आधीच करून ठेवलेली असते.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहितो. सिंगापूरला ३८५४ डॉलरचा प्रिंटर एका साइटवर चुकून ६६ डॉलरला लागला. सहा जणांनी मिळून १६०६ प्रिंटर मागवले. कोर्टात गेले आणि २००४ मध्ये हरले, २००५ मध्ये अपिलातही हरले, कारण भाव चुकलाय हे त्यांना कळत होतं आणि कळून त्यांनी हात मारला. बरोबर निकाल आहे. उद्या कुणी पाच लाखांचा ट्रॅक्टर पाचशेला दिसला म्हणून दहा मागवले तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही. पण सेलच्या दिवसात १८०० चा रोल ११९० ला दिसणं ही अशी गोष्ट नाही. सेलमध्ये चाळीस टक्के सूट देतो असं तुम्हीच ओरडता, मग आम्ही चूक कशी ओळखायची?

आणि भाव उघड चुकलेला असला तरी विक्रेता सगळ्यातून सुटतो असंही नाही. ओडिशात कायद्याच्या एका विद्यार्थ्याने २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनवर १९० रुपयांना लॅपटॉप मागवला. ऑर्डर कन्फर्म झाली, दोनेक तासांत रद्द झाली. तो ग्राहक मंचात गेला. २०२१ मध्ये राज्य ग्राहक आयोगाने भरपाई आणि दंड मिळून ४० हजार द्यायला लावले, खर्च वेगळा. तिथे रद्द व्हायला दोन तास लागले होते, इथे पाच दिवस. अर्थात त्या पोराला निकालासाठी सहा वर्षं थांबावं लागलं, हेही विसरू नका.

पाच दिवसांचंच मला जास्त लागलंय. शहरातल्या माणसाचा मिक्सर आठ दिवस उशिरा आला तर तो हाताने चटणी वाटेल. आपल्याकडे वाफसा, फवारणी, लागवड यांचे दिवस मोजके असतात. ज्या दिवशी साइटवर भाव बदलला त्याच दिवशी जुन्या ऑर्डरींना मेसेज का जात नाही? पैसे घ्यायला दोन सेकंद, परत द्यायला सात दिवस, हे कुठलं तंत्रज्ञान? आणि ‘चूक’ खरी होती की माल संपला, की भाव वाढला, हे तपासणार कोण? कारण लिहिणारेही तेच.

केंद्राच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत एक चांगलं वाक्य आहे: ग्राहकाने कन्फर्म झालेली ऑर्डर रद्द केली तर त्याच्याकडून शुल्क घ्यायचं असेल, तर कंपनीने एकतर्फी रद्द केल्यावर तसंच शुल्क तिनेही सोसावं. पण कंपनीने ग्राहकाकडून शुल्कच घेतलं नाही की ती मोकळी. माझं म्हणणं आहे की हे अर्धवट आहे. पैसे घेऊन कन्फर्म केलेली ऑर्डर एका दिवसानंतर रद्द केली तर पैसे त्याच दिवशी परत आणि वर ठरावीक भरपाई, असं सरळ लिहा. मग बघा भाव टाकताना आकडे कसे दोनदा तपासले जातात.

कृषी सेवा केंद्रवाले मित्र आता खूश झाले असतील. फार होऊ नका. खतासोबत लिंकिंग करता तेव्हा मी इथेच तुमच्यावरही लिहिलंय. पण एवढं खरं, बिलावर भाव लिहून पैसे घेतल्यावर पाच दिवसांनी ‘बिल चुकलं’ म्हणायला तुमच्यापैकी कुणी माझ्या घरी आलेला नाही.

ज्यांना असा मेसेज आलाय त्यांनी कन्फर्मचा मेसेज, पैसे भरल्याची नोंद आणि रद्द केल्याचा मेसेज, तिन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर अ‍ॅपमधून गायब होतात. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. नाही जमलं तर जिल्हा आयोग, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. ‘शेतीसाठी घेतलं म्हणजे व्यावसायिक वापर’ असं कंपनीचा वकील म्हणेल. बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच शेतकऱ्याला ग्राहक धरलंय, तो निकाल राष्ट्रीय बीज निगमच्या नावाने सापडतो.

माझी तक्रार नोंदवून झाली आहे, ४२०० च्या पावत्यांसह. त्या आठवड्यात हाच पेपर ११९० ला मागवलेले आणखी कुणी असतील तर मला मेसेज करा, एकत्र जाऊ.

टरबुजाला आज अठरावा दिवस. खालच्या पानांवर नागअळीच्या रेघा दिसायला लागल्यात, चिकट सापळे लावलेत. त्याचं उद्या फोटोसकट लिहितो.