चावी अडते तेव्हा

आमच्या पिंप्राळ्यातील एक तरुण जुनी पिकअप गाडी चालवितो. पहाटे भाजीपाला जळगावच्या बाजारात न्यावयाचा, नंतर दिवसभर मिळेल ते भाडे मारावयाचे. गाडीवर कर्ज आहे. बी.कॉम. झाल्याचा तेवढाच उपयोग म्हणून त्याच्या खर्चाची वही आम्ही महिन्याला पाहून देतो. परवा त्या वहीत 'सेल्फ दुरुस्ती' हा खर्च चार महिन्यांत दुसऱ्यांदा दिसला. विचारले तर म्हणाला, "भाऊ, सेल्फ चांगला होता. चावीच मागे येत नाही."

म्हणजे रोग एकीकडे आणि पैसा भलतीकडे!

चावी 'स्टार्ट'पर्यंत फिरवून सोडली की आतल्या स्प्रिंगने ती आपोआप 'ऑन'वर यावयास हवी. ती तिथेच अडकली तर इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फला वीज मिळत राहते. सेल्फ काही सेकंद फिरण्यापुरताच बनविलेला असतो; तो तापतो आणि जळतो. अशा वेळी चावी बोटांनी मागे ओढावी. तरीही सेल्फ थांबला नाही तर इंजिन बंद करून बॅटरीची उणे बाजूची तार सुटी करावी. ठिणगी उडते, तोंड दूर ठेवावे. चावी मागे आली आणि सेल्फ फिरतच राहिला, तर दोष स्विचमध्ये नसून बहुधा सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये असतो.

या गड्याने मात्र निराळाच उपाय केला होता. स्विच बाजूला ठेवून डॅशखाली एक बटण बसविले आणि सेल्फ 'डायरेक्ट' केला. आठच दिवसांत त्याच्या पाच वर्षांच्या मुलीने खेळता खेळता ते दाबले. गाडी गिअरमध्ये उभी होती. इंजिन सुरू नसतानाही सेल्फच्या जोरावर गाडीने पुढे उडी घेतली आणि दारातला पाण्याचा ड्रम चेपला. ड्रमाजवळ एरवी तिची आजी भांडी घासत असते. त्या दिवशी ती नळावर गेली होती. बटण त्याच संध्याकाळी काढले.

चावी मुळीच फिरत नसेल तर आधी स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवीत चावी हलक्या हाताने फिरवावी. पुष्कळदा स्टेअरिंगच्या कुलपाचा ताण असतो. मग घरातली दुसरी मूळ चावी लावून पाहावी. ती सहज फिरली तर रोजची चावी झिजली आहे असे समजावे. झिजलेल्या चावीवरून नक्कल काढली की झीजही नकलेत येते. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, धुळीचे तर विचारूच नका. म्हणून कुलपात खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल घालू नये. तेल धूळ धरून ठेवते. चावीवर मऊ पेन्सिल भरपूर घासून ती दहा-बारा वेळा आत-बाहेर करावी.

एवढ्याने भागले नाही तर बॅटरीची तार काढून स्विच उघडावा. बऱ्याच जुन्या गाड्यांत कुलूप आणि त्यामागचा विजेचा स्विच वेगळे असतात. स्विच सुटा करून नुसते कुलूप फिरवून पाहावे. कुलूप मोकळे फिरले तर फक्त मागचा स्विच बदलावा. आमच्या तरुणाला एका मेकॅनिकने पूर्ण सेट बदलावयास सांगितला होता, त्याची गरजच नव्हती.

त्याच्या चावीला घराच्या, कपाटाच्या, सायकलच्या मिळून नऊ चाव्या लटकत होत्या. हे हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१४ साली सदोष इग्निशन स्विचमुळे सुमारे २६ लाख मोटारी परत बोलाविल्या. तिथला दोष उलटा होता. चावी अडत नव्हती, सैल होती. जुडग्याच्या वजनाने किंवा खड्ड्याच्या धक्क्याने ती चालत्या गाडीत 'ऑन'वरून घसरे, इंजिन बंद पडे आणि धडक झाली तरी एअरबॅग उघडत नसे. कंपनीतील काही लोकांना हा दोष कित्येक वर्षे ठाऊक होता. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने अखेर १२४ मृत्यू मान्य केले.

गेल्या रविवारी आम्ही समोर बसून त्याचा स्विच बदलून घेतला. गाडीची चावी आता एकटीच असते. दुसरी मूळ चावी त्याच्या पत्नीने हप्त्याच्या पावत्यांच्या डब्यात ठेवली आहे.