डॉक्टरला कशी होईल शुगर?

ताईचा एचबीए१सी ६.१ आला, तेव्हा घरात सगळे आधी हसलेच. बाबा म्हणाले, "अगं, तूच लोकांना पथ्य सांगतेस ना?" ताई २९ वर्षांची, सरकारी कॉलेजात मेडिसिनची रेसिडेंट. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, हे ती रोज पेशंटना सांगते. मग रात्री तीनला वॉर्डात गार वडापाव खाते.

डॉक्टरांना मधुमेह सामान्य लोकांपेक्षा जास्त होतो की कमी, हा प्रश्नच मला फसवा वाटतो. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्यांच्यापेक्षा डॉक्टर थोडे बरे निघाले, तर त्यात मिरवायचं काय? शिवाय 'डॉक्टर' या एकाच रकान्यात पहाटे टेनिस खेळणारा कन्सल्टंटही येतो आणि सलग छत्तीस तास उभी असलेली रेसिडेंटही. सर्व्हरची नुसती सरासरी दाखवून 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्याला आमच्याकडे मीटिंगमध्ये सोलून काढतात.

खरा प्रश्न झोपेचा आहे. शिकागोतल्या संशोधकांनी ११ धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद ढासळली. हे १९९९ साली छापून आलंय. अमेरिकन नर्सेसच्या २०११ च्या अभ्यासात रात्रपाळीची वर्षं जितकी जास्त, तितका टाइप २ चा धोका जास्त दिसला. त्यात वाढलेल्या वजनाचा वाटा मोठा होता, पण वजनाचा हिशोब वेगळा काढूनही थोडा धोका उरलाच. नर्सेसना काय पथ्यपाणी माहीत नव्हतं?

"आम्हीपण केलं की," असं म्हणणारे सिनियर असतातच. (त्यातले किती जण आज गोळ्या घेतात, ते विचारायचं नसतं.) १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी सहसा १२ तासांच्या वर नको, असं लिहिलंय. २०२३ च्या पीजी नियमांत तासांचा आकडाच नाही. फक्त 'वाजवी' तास. वाजवी म्हणजे किती, हे ताईच्या युनिटमध्ये कोण ठरवणार?

मी ऑन-कॉल असताना रात्री दोनला उठलो, तर दुसऱ्या दिवशी उशिरा लॉगिन करतो. कुणी काही म्हणत नाही. माझा सर्व्हर पडला तर कुणी मरतही नाही.

तीन महिन्यांनी ताईची पुन्हा तपासणी होती. त्या दिवशी तिला इमर्जन्सी लागली.