कुंपणाबाहेरचे संगणक

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्याच्या शिवेला लागून ओझरला लढाऊ विमाने तयार होतात. भिंत, पहारा, शेजारी हवाई दलाचा तळ, सारे काही आहे. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या एचएएल या विमानबांधणी कंपनीच्या कारखान्यातील एका कर्मचाऱ्याला विमानांची गोपनीय माहिती परदेशी व्यक्तीला पुरवल्याच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. त्याच्याकडून मोबाइल आणि सिमकार्डे जप्त झाली. याच कंपनीच्या कानपूर शाखेने सुट्या भागांसाठी सुमारे ५५ लाख रुपये भलत्याच खात्यात भरल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. पुरवठादाराच्या ई-मेल पत्त्यातले एक अक्षर ठगांनी गाळले होते, एवढेच!

भिंतीच्या आत काय आहे, याची काळजी सुरक्षा यंत्रणा घेते. बाहेरच्या पुरवठादाराचा संगणक कोण पाहतो? ३१ जुलै २०२४ रोजी बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार थांबवावे लागले. ही कंपनी स्टेट बँक आणि टीसीएस यांची. हल्लेखोर मात्र तिला सेवा देणाऱ्या दुसऱ्याच लहान कंपनीच्या ढिल्या सर्व्हरमधून शिरले, असे सुरक्षा अभ्यासकांना आढळले. ‘ओटीपी सांगू नका’ असे फलक चौकाचौकांत लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. इथे कोणत्याही खातेदाराने ओटीपी सांगितला नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटी रुपये गेले, तेव्हाही खातेदार निर्दोषच होते. त्या प्रकरणात २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा झाली, तीही एटीएममधून नोटा काढणाऱ्या हस्तकांना.

हल्ल्याची खबर सहा तासांत द्या, असा केंद्राच्या सर्ट-इन संस्थेचा आदेश एप्रिल २०२२ पासून आहे. पण ठेवीदार रांग लावतील या धास्तीने लहान पतसंस्थेचा व्यवस्थापक आधी संचालकांना फोन करणार, मग गप्प बसणार. वेळेत कळवणाऱ्याला दंडातून सवलत आणि तालुक्याला तासाभरात पोहोचणारे पथक, या दोन गोष्टी सरकारने दिल्या तरच तो आदेश कागदाबाहेर येईल. महापे येथील राज्याचे सायबर केंद्र मोठे आहे, पण दिंडोरीहून ते फार लांब पडते. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनीही दुरुस्त्या वेळेवर, फुकट आणि मराठी सूचनांसह द्याव्यात. आणि एचएएलने नाशिकच्या लघुउद्योजकांकडून सुटे भाग घेताना संगणक-सुरक्षेचा खर्च कराराच्या दरातच धरावा. स्वस्त निविदा मागायची आणि सुरक्षेची हमीही त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची, हे चालणार नाही.