स्वस्त यंत्राचें मोल

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांस खुली केली. त्या काळीं दूरध्वनीच्या तारेवरून संगणकास जगाशीं जोडण्याचें काम मोडेम करी. संगणकाबाहेर ठेवावयाचा सीरियल मोडेम महाग, परंतु आपलें काम आपणच करणारा. ठराविक सर्वमान्य आज्ञा तो पाळी, म्हणून लिनक्सवरहि चाले. दुसरा ‘विनमोडेम’. तो स्वस्त खरा, परंतु आपला बराच भार संगणकावर टाकी आणि विंडोजच्या ड्रायव्हरवांचून बहुधा मुका राही.

ते मोडेम आतां मागें पडले. प्रश्न मात्र उरलाच आहे. प्रिंटर वा वायफायचें यंत्र घेतांनाहि तोच विचार करावा लागतो. लिनक्स विनामूल्य मिळतें व जुन्या संगणकासहि नवें आयुष्य देतें. परंतु जोडलेलें यंत्र त्याच्याशीं जुळलें नाहीं, तर तो लाभ व्यर्थ होय.

गरिबानें स्वस्त वस्तु घ्यावी, हें म्हणणें वरवर रास्त दिसतें. परंतु तीच वस्तु दोनदां घेणें गरिबासच परवडत नाहीं. आणि भामरागडाहून ती बदलावयास शहर गांठणें सोपें नव्हे. यास्तव पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं किंमतीआधीं ‘हें लिनक्सवर चालेल काय?’ असें विचारावें, आणि शक्य तर समोर चालवून पाहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.