मुक्ता इज बॅक!

धुळ्याच्या ताईला मुलगी झाली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर नावांचा पाऊस सुरू झाला. कियारा, मायरा, अनाया, विहा... अट एकच, नाव हटके हवं! जिजूंचा फंडा तर एकदम क्लिअर : ‘छोटं, पासपोर्टवर शोभेल असं. डाउनमार्केट काही नको.’

बारशाच्या आदल्या रात्री आम्ही सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. जळगावहून आलेली आजी कोपऱ्यात वाती वळत होती. मध्येच म्हणाली, ‘माझं ठेवा की.’

‘सुशीला? आजी, प्लीज!’ आम्ही हसलो.

‘सुशीला नाही. माझं. मुक्ता.’

सन्नाटा! चौऱ्याऐंशी वर्षांच्या आमच्या आजीचं खरं नाव आम्हाला माहीतच नव्हतं. रेशनकार्ड, पासबुक, आधार, सगळीकडे ती सुशीलाच. तिचं माहेर मुक्ताईनगरच्या बाजूचं. तिकडे म्हणे तेव्हा घरटी एक मुक्ता असायची. सासरीही होतीच, खुद्द आजेसासू! आता मोठ्या बाईच्या नावाने नव्या सुनेला हाक कशी मारायची? मग लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने ‘सुशीला’ लिहिलं गेलं आणि विषय संपला.

मी मात्र त्या रात्री मुक्ताच्या मागे लागले. आणि दोस्तहो, हे नाव भलतंच इंटरेस्टिंग निघालं. मूळ संस्कृत ‘मुच्’ म्हणजे सोडणं, सुटणं. त्यावरून मुक्ता म्हणजे सुटलेली, मोकळी. दुसरा अर्थ मोती, शिंपल्यातून मोकळा झालेला. आपला ‘मोती’ हा शब्दसुद्धा ‘मौक्तिक’मधून आला, म्हणजे मुक्ताच्याच घरातला. (बॉस मीटिंगमध्ये जी ‘मुक्ताफळं’ उधळतो, तीही अर्थाने मोतीच बरं का!)

पण खान्देशात हे नाव डिक्शनरीतून आलेलं नाही. ते आलं तापीकाठच्या मुक्ताईकडून. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. भावंडांची नावं ओळीने वाचून बघा. आधी संसारातून मागे फिरणं, मग ज्ञान, मग पायरी आणि शेवटी मुक्ती. आईबाबांनी अख्खा कोर्सच लिहून ठेवलाय!

या चौघांत मुक्ता सगळ्यात धाकटी, १२७९ची. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचं दार लावून बसले, तेव्हा ताटीबाहेर उभं राहून त्यांना समजावलं ते हिने. ताटीचे अभंग ते हेच. चौदाशे वर्षं जगल्याची ज्याची ख्याती, त्या चांगदेवाने गुरू केलं तेही या मुलीलाच. सीनियर-ज्युनियरची ऑफिसवाली गणितं तिथे चालली नाहीत. १२९७मध्ये, अठराव्या वर्षी, तापीकाठी वीज कडाडली आणि ती गुप्त झाली, असं परंपरा सांगते. तिची पालखी दरवर्षी आषाढीसाठी तिथून पंढरपूरला पायी जाते. तालुक्याचं गाव पूर्वी एदलाबाद होतं, ते मुक्ताईनगर झालं. म्हणजे बघा, अख्ख्या गावाला तिचं नाव मिळालं आणि त्याच गावच्या लेकीचं मात्र काढून घेतलं गेलं.

आणखी एक मुक्ता आहे पुण्याची. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वय जेमतेम चौदा!

मग हे नाव मागे का पडलं? आजीच्या पिढीत ते ‘मुक्ताबाई’ होऊन जुनं झालं. आईच्या पिढीला सुनीता, संगीता, अनिता आवडल्या. पण मुक्ता पुरती गेली नाही. १९९४मध्ये जब्बार पटेलांनी ‘मुक्ता’ नावाचा सिनेमा केला. पुढे ‘जोगवा’ आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई’मधून मुक्ता बर्वे घराघरांत पोचली. ‘बाई’ गळली आणि नाव एकदम कूल झालं.

रात्री आजीला विचारलं, ‘वाईट वाटलं होतं का गं?’ ती म्हणाली, ‘तेव्हा सगळ्यांचीच बदलायची. माहेरी गेलं की भाऊ मुक्ते म्हणून हाक मारायचा. तो गेला. आता कोण म्हणणार?’ मोकळी असा अर्थ असलेलं नाव, आणि ते हाकेत ऐकायलासुद्धा माहेरी जावं लागायचं! लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कायदा आपल्याकडे नाही. पण ताटातल्या तांदळांना हे कोण सांगणार?

सकाळी ताईने डिक्लेअर करून टाकलं, ‘मुक्ता. फायनल.’ जिजूंनी इंग्लिश स्पेलिंग बोटांवर मोजलं. पाचच अक्षरं. पासपोर्ट पास!

आता धुळ्याच्या घरात दिवसभर ‘मुक्ता, मुक्ता’ चालू असतं. बाळ अजून काही वळून बघत नाही. आजी मात्र दर वेळी बघते.

तर या वीकेंडला एक काम करा. आजीला फोन लावा आणि तिचं नाव विचारा. आधार कार्डावरचं नाही. त्याच्या आधीचं.