सहा वाजेपर्यंतची मैत्री

कुठल्याही ऑफिसात वर्षभर काढलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा सगळं छान असतं. टपरीवरचा चहा एकत्र, डब्यातली भाजी एकमेकांच्या झाकणात, एक्सेल अडलं की हक्काने आपल्याच टेबलाशी. सहा वाजले की माणसं बदलतात. कुणाची वास्तुशांत झाली हे आपल्याला सोमवारी हातावर पडलेल्या पेढ्यावरून कळतं. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं हे दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायकांच्या हातातल्या वाणावरून कळतं. ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकच आहे असं आपण धरून चाललेलो असतो. दुसराही आहे आणि त्यात आपण सोडून सगळे आहेत, हे कधीतरी कुणाच्या तोंडून निसटतं.

यावर मिळणारं उत्तर ठरलेलं आहे. 'अगं, मनावर काय घेतेस? ऑफिसची मैत्री ऑफिसपुरतीच असते. शहरात लोकांना वेळ कुठे असतो?' यातलं बरंचसं खरं आहे. माणसं दमतात, दोन-दोन तास प्रवासात जातात, कुणाच्या घरी आजारी सासू असते, कुणाला मुळातच लोकांची ये-जा आवडत नाही. ज्याचं दार सगळ्यांसाठी बंद आहे त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण चार वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला जे बोलावणं जात नाही, ते तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या 'आपल्या' आडनावाच्या माणसाला गौरीच्या जेवणासाठी जातं, तेव्हा वेळ, दमणूक आणि खासगीपणा ही कारणं टिकत नाहीत. तिथे जात असते. शहराने तिला संपवलं नाही, तिचं वेळापत्रक बनवून दिलं.

हे वेळापत्रक नवीन नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगितलं. पुढची गोष्ट आपण कमी वेळा सांगतो. त्या दिवशी बाबासाहेब आपल्या दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला वाईट वाटलं, रागही आला. पण तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असं तो म्हणाला. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारावं लागेल असं सांगितलं. नवरा-बायको दोघंही मूळचे ब्राह्मण घरातले होते. बाबासाहेब कमाठी बागेत काही तास बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. काठीवाले तर उघड शत्रू होते. मला त्या दोघा मित्रांबद्दल जास्त विचार करावासा वाटतो. दोघंही भले, सहानुभूती असलेले, आणि दोघांचीही सहानुभूती स्वतःच्या उंबऱ्याशी येऊन थांबलेली. एकाने नोकरांचं नाव पुढे केलं, दुसऱ्याने बायकोचं. आजचा सहकारीही हेच करतो. 'मला काही नाही रे, पण घरी आई जुन्या वळणाची आहे.'

माझ्या विषयात, समाजशास्त्रात, या वागण्याला एक सभ्य नाव आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मिल्टन सिंगर यांनी मद्रासच्या १९ उद्योगपतींच्या मुलाखती घेतल्या आणि १९७२ च्या पुस्तकात मांडलं की ही माणसं कारखाना आणि घर असे दोन कप्पे करतात. कारखान्यात सगळ्यांशी मिसळायचं, घरी परंपरा पाळायची. आधुनिकता आणि परंपरा यांचा मेळ भारतीय माणूस किती सहज घालतो, याचं उदाहरण म्हणून हे वर्गात शिकवलं जातं. कप्पे करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मेळ दिसतोच. पण दोन कप्प्यांपैकी एकाच कप्प्यात ज्याला प्रवेश आहे, त्याच्या बाजूने हा मेळ कसा दिसतो, हे विचारायला त्या १९ जणांमध्ये आपलं कुणी नव्हतं.

घराचा कप्पा किती घट्ट आहे, याचं मोजमाप उपलब्ध आहे. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात घरोघरी विचारलं गेलं की तुमच्याकडे कुणी अस्पृश्यता पाळतं का. नाही म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता: अनुसूचित जातीच्या माणसाने तुमच्या स्वयंपाकघरात येऊन तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही उत्तरं धरून सुमारे २७ टक्के घरांनी अस्पृश्यता पाळत असल्याचं मान्य केलं. मान्य केलं, हे लक्षात घ्या. आणि 'आम्ही तर एका डब्यात जेवतो' असं सांगणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये उत्तर देऊन ठेवलंय: सहभोजनाने जात मेलेली नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. त्याच सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के होतं.

आता कुणी म्हणेल, नसेल बोलवत तर नको. आपल्याला कुणाच्या सत्यनारायणाचा प्रसाद खायचाय? मलाही नको आहे. माझी तक्रार प्रसादाबद्दल नाहीच. पीएचडीला येण्याआधी मी एका खासगी कंपनीत दोन वर्षं काम करत होते. आमच्या टीममध्ये वरची एक जागा निघणार हे मला ऑफिसची ईमेल आल्यावर कळलं. बाकी तिघांना ते महिनाभर आधी, साहेबांच्या घरी पूजेला गेले असताना कळलं होतं. त्यांनी त्या महिन्यात एक कोर्स केला, कोणतं प्रोजेक्ट मागून घ्यायचं ते विचारून घेतलं. कुणी माझ्याविरुद्ध कट केला नव्हता. कुणी जातीवाचक शब्दही उच्चारला नव्हता. त्यांना फक्त सोफ्यावर बसून चहा पिताना जे ऐकायला मिळालं, ते मला मिळालं नाही.

सहानंतरच्या मैत्रीत हेच फिरत असतं. कोणत्या कंपनीत भरती आहे, रेफरल कोण देईल, कोणत्या साहेबाला काय आवडतं, बदली टाळायला कुणाला भेटायचं, कोणत्या सोसायटीत फ्लॅट रिकामा आहे, मुलांसाठी कोणती शाळा. नोकऱ्यांची माहिती बऱ्याचदा जवळच्या नातलगांपेक्षा ओळखीपाळखीतल्या माणसांकडून मिळते, हे मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं. पहिल्या पिढीतल्या पदवीधराकडे ओळखीचा वारसा नसतो. आपले आईबाप शेतात, वीटभट्टीवर, गिरणीत राबले; त्यांच्या ओळखीत एचआर मॅनेजर नव्हता. ऑफिस ही आपली ओळख कमावण्याची पहिलीच जागा, आणि तिथेच ओळख सहा वाजता कापली जाते. भारतातल्या १,००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा एक अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक उच्चजातीय निघाले. इतकी मोठी एकजात गर्दी केवळ मुलाखतीतल्या गुणांवर जमत नाही.

आणि घर-ऑफिस वेगळं ठेवण्याचा नियम त्यांनी स्वतः तरी कुठे पाळलाय? सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' पाहतो, असं त्यात अनेकांनी मोकळेपणाने सांगितलं. म्हणजे निवड करताना आमचं घर ऑफिसात ओढून आणायचं, आणि निवड झाल्यावर घर ही खासगी बाब.

कायदा इथे तोकडा पडतो. कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली, अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक बहिष्कार गुन्हा आहे. पण न दिलेल्या आमंत्रणाची फिर्याद कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदवायची? म्हणून हे भांडण आपल्याला ऑफिसातच करावं लागेल.

पहिलं म्हणजे, प्रवेशासाठी किंमत मोजणं थांबवूया. आपल्यातले किती जण आडनाव गाळून फक्त वडिलांचं नाव लावतात, एप्रिलमध्ये १४ तारखेला रजा घेताना 'घरी काम आहे' असं लिहितात, डब्यात सुकट नेणं बंद करतात! एवढं करूनही दार उघडत नाही, आणि उघडलंच तर आतमध्ये आपण नसतो.

दुसरं, मागणी नेमकी करूया. आम्हाला घरी बोलवा, अशी विनवणी कुणालाच करायची नाही. जागा, प्रशिक्षण, प्रोजेक्ट, बढती यांची माहिती सगळ्यांना एकाच दिवशी, लेखी आणि कामाच्या वेळेत मिळाली पाहिजे. पार्टीत ठरलेली गोष्ट ठरलेली धरली जाणार नाही, हे बैठकीत बोलून दाखवूया. एकट्याने जड जाईल. दोघं-तिघं मिळून बोललं तर मिनिट्समध्ये नोंद होते.

तिसरं, आपल्याकडे आलेली माहिती आपण त्याच दिवशी पुढे पाठवूया. नांदेड, यवतमाळहून हैदराबाद, बंगळुरू, गुरुग्रामला पोहोचलेल्या प्रत्येकाकडे आज थोडी का होईना, ओळख जमा आहे. ती धाकट्यांसाठी खर्च करायची आहे.

आणि शेवटचं, जे आपल्यालाही लागू आहे. ऑफिस झाडणाऱ्या कंत्राटी बाईंना आपण सगळे 'मावशी' म्हणतो. या मावशी कुठे राहतात, त्यांचा पगार वेळेवर होतो का, त्यांच्या मुलीला कुठल्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? नात्याचं नाव द्यायचं आणि नातं जिन्यापाशी संपवायचं, ही रीत आपण सवर्णांकडून उचलू नये. त्या फॉर्मची शेवटची तारीख निघून जायच्या आत मावशींशी बोला, सहानंतर बोला.